साध्या कॉफीकडून एस्प्रेसोकडे : आवडीतील बदल की किमतीतील?

गेल्या सत्रातील विभागीय चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने अमेरिकेतील कॉफीच्या खपाविषयी निबंध वाचला. निबंध परिश्रमपूर्वक लिहिलेला होता आणि त्यातील मुख्य वस्तुस्थितीही निर्विवाद होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अमेरिकेतील ग्राहकांचा एक मोठा वर्ग घरी किंवा साध्या उपाहारगृहात मिळणारी स्वस्त, गाळीव कॉफी सोडून एस्प्रेसोपासून केलेल्या आणि कितीतरी महाग असलेल्या पेयांकडे वळला. तथापि 'असे का घडले?' ह्या प्रश्नाशी येताच निबंधकाराने सगळे प्रकरण एका वाक्यात मिटवले : लोकांची आवड बदलली. श्रोत्यांपैकी कोणीही त्यावर हरकत घेतली नाही. प्रस्तुत लेखकही त्या वेळी गप्पच राहिला. त्या मौनाची भरपाई म्हणून हे टिपण लिहिले आहे.

'आवड बदलली' हे उत्तर कदाचित खरेही असेल, पण ते फार लवकर दिले जाते. जॉर्ज स्टिग्लर आणि गॅरी बेकर ह्यांनी १९७७ साली एका प्रसिद्ध निबंधात असा आग्रह धरला की, ग्राहकाच्या वर्तनातील फरकाचे कारण शोधताना त्याची अभिरुची स्थिर आहे असे गृहीत धरावे आणि प्रथम किमती व उत्पन्न ह्यांतील बदल तपासावेत. हा आग्रह टोकाचा आहे असे अनेकांना वाटते, व ते अगदीच निराधार नाही. पण त्यातील शिस्त घेण्यासारखी आहे. आवडीचा आधार घेतला की बाजारातील कोणतीही घटना स्पष्ट करता येते, आणि नेमक्या त्याच कारणाने ते स्पष्टीकरण निरुपयोगी ठरते.

आपल्या प्रश्नात तर एक अडचण आरंभीच उभी राहते. महाग पेयात कॉफी अधिक असते अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती बरोबर नाही. एस्प्रेसो म्हणजे सुमारे ७ ग्रॅम बारीक दळलेल्या कॉफीतून ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेले पाणी ९ वातावरणांच्या दाबाने २५ ते ३० सेकंद लोटून काढलेला २५-३० मिलिलिटर अर्क. हाच अर्क वाफेने तापवून फुगवलेल्या दुधात मिसळला म्हणजे कापुचिनो किंवा लाते तयार होते. त्या दोहोंतील भेद दुधाच्या व फेसाच्या प्रमाणाचा. आता अमेरिकेत प्रचलित असलेला साडेतीनशे मिलिलिटरचा कागदी पेला घ्या. तो गाळीव कॉफीने भरावयाचा तर सुमारे २० ग्रॅम पूड खर्ची पडते. तोच पेला लातेने भरावयाचा असल्यास एका अर्काची ७-८ ग्रॅम, आणि दोन अर्क घातले तरी १५-१६ ग्रॅम पुरते. उरलेली जागा दुधाची. कॅफीनच्या बाबतीतही हेच आढळते : एका अर्काच्या लातेतील कॅफीन त्याच आकाराच्या गाळीव कॉफीतील कॅफीनच्या तृतीयांशाच्या आसपास भरते. म्हणजे ज्या ग्राहकाची 'कॉफीची आवड वाढली' असे आपण म्हणतो, तो अधिक पैसे देऊन प्रत्यक्षात कमी कॉफी विकत घेत असतो. जास्तीच्या पैशांत त्याला मिळते ते दूध, यंत्राचा थोडा वेळ आणि काउंटरमागील नोकराचे दीड-दोन मिनिटांचे श्रम.

मग एस्प्रेसो हे पेय स्वभावतःच महाग आहे काय? ह्याचे उत्तर त्याच्या जन्मभूमीत मिळते. मिलान येथील ल्युइजी बेझ्झेरा ह्याने १९०१ साली ज्या यंत्राचे एकस्व घेतले ते वाफेच्या दाबावर चालत असे. तो दाब दीड-दोन वातावरणांहून अधिक नसल्यामुळे आणि पाणी फार तापत असल्यामुळे अर्क कडवट व किंचित जळका उतरे. आकिल्ले गाज्जिया ह्याने १९३८ पासून चालवलेल्या प्रयोगांना दुसऱ्या महायुद्धानंतर फळ आले. तरफ आणि स्प्रिंग ह्यांच्या योगाने त्याने वाफेची गरजच काढून टाकली, दाब कितीतरी पटींनी वाढवला, आणि अर्कावर तो तपकिरी साय-फेस प्रथमच दिसू लागला ज्याला इटालियन लोक 'क्रेमा' म्हणतात. १९६१ साली फाएमा कंपनीच्या 'ई-६१' यंत्राने तरफेची जागा विजेच्या पंपाला दिली, व ९ वातावरणांचा दाब ही नेहमीची गोष्ट झाली. यंत्र असे सुधारत असताना पेल्याची किंमत मात्र चढली नाही. १९११ च्या एका कायद्याने इटलीतील नगरपालिकांना आवश्यक वस्तूंच्या कमाल किमती ठरवण्याचा अधिकार मिळाला होता, आणि काउंटरशी उभ्याने घेतलेली कॉफी त्या वस्तूंत मोडत असे. उभ्याचा दर एक व खुर्चीवर बसून घेतल्यास दुसरा, ही तेथील प्रथा त्यातूनच रूढ झाली. एकविसाव्या शतकातही उभ्याने घेतलेला एस्प्रेसो इटलीत साधारणपणे एक युरो किंवा त्याहून किंचित अधिक किमतीस मिळत आला आहे. अर्क तोच, यंत्र तेच. किमतीचे प्रकरण मात्र अगदी निराळे. तेव्हा अमेरिकेतील महागाईचे मूळ यंत्रात शोधण्यात अर्थ नाही.

अमेरिकेकडे वळताना प्रथम साध्या कॉफीची स्थिती पाहिली पाहिजे, कारण 'साधी कॉफी' ही स्थिर वस्तू होती असे समजणे ही ह्या विषयावरील लिखाणातील नेहमीची चूक आहे. अमेरिकेत दरडोई कॉफीचा खप १९४६ साली शिगेला पोचला; त्या वर्षी तो सुमारे ४६ गॅलन होता. त्यानंतर तो घसरत गेला, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास त्याच्या निम्म्याच्या आसपास आला. ह्या घसरणीच्या काळात डबाबंद कॉफी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांची परस्परांशी स्पर्धा चालली ती जवळजवळ सर्वस्वी किमतीवर. स्पर्धेत टिकण्यासाठी मिश्रणात स्वस्त रोबस्टाचे प्रमाण वाढले. १९५३ च्या हिमपातानंतर ब्राझीलची कॉफी महागली तेव्हा गृहिणींनी पुडीत अधिक पाणी घालून काटकसर केली, आणि ती सवय भाव उतरल्यावरही पुरती गेली नाही. झटपट कॉफीने उरलेसुरले काम केले. तरुण पिढी ह्या पातळ, कडवट पेयाकडे न वळता थंड पेयांकडे गेली. म्हणून ज्या पायरीवरून अमेरिकन ग्राहक एस्प्रेसोवर चढला असे आपण समजतो, ती पायरी स्वतःच तीस वर्षे खचत होती.

ह्या खचण्याविरुद्धचा पहिला प्रयत्न एस्प्रेसोचा नव्हताच. आल्फ्रेड पीट ह्या डच गृहस्थाने १९६६ साली बर्कली येथे दुकान काढले ते चांगल्या, गडद भाजलेल्या बियांचे. त्याच्याकडून धडे घेतलेल्या तिघा मित्रांनी १९७१ मध्ये सिअ‍ॅटल येथे स्टारबक्स हे दुकान सुरू केले; तेही बियाच विकत असे, तयार पेये नव्हेत. १९८२ मध्ये त्या दुकानात नोकरीस लागलेला हॉवर्ड शुल्ट्झ पुढल्या वर्षी मिलानला गेला, तेथील बार पाहून आला, आणि १९८४ मध्ये सिअ‍ॅटलमधील एका शाखेत त्याने एस्प्रेसोची पेये विकण्याचा प्रयोग केला. मालकांना तो पसंत पडला नाही. शुल्ट्झने १९८६ मध्ये स्वतःचे निराळे कॉफीगृह काढले व १९८७ मध्ये मूळ दुकानच विकत घेतले. १९९२ साली कंपनीचे भाग बाजारात आले तेव्हा शाखा १६५ होत्या; २००० च्या अखेरीस त्या साडेतीन हजारांच्या घरात गेल्या. मिलानहून आणलेल्या वस्तूतील एक गोष्ट मात्र वाटेत गळून पडली : उभ्याने, एका घोटात आणि थोडक्या पैशांत पिण्याची रीत. अमेरिकेत तिच्या जागी बसण्याची जागा आणि हातात घेऊन चालण्याचा पेला अशा दोन वस्तू आल्या.

येथे किमतीच्या सिद्धान्ताचा एक उपयुक्त नियम साहाय्यास येतो. आर्मेन अल्चियन आणि विल्यम अ‍ॅलन ह्यांनी आपल्या १९६४ च्या पाठ्यपुस्तकात तो मांडला. एकाच जातीच्या दोन प्रती असतील, एक साधी व एक उंची, आणि दोन्हींच्या किमतीत सारखीच ठरावीक रक्कम मिळवली गेली, तर उंची प्रत साध्या प्रतीच्या तुलनेने स्वस्त होते व तिचा खप तुलनेने वाढतो. कोकणच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. पेटीचे भाडे हलक्या आंब्याला आणि निवडक हापूसला सारखेच पडते. म्हणून निवडक फळ दूर जाते, आणि बागेच्या गावी डागी फळ उरते. गंमत अशी की, हाच नियम लोकांच्या चर्चेत आला तो सिअ‍ॅटलमध्येच. वॉशिंग्टन राज्य सफरचंदांसाठी प्रसिद्ध असताना स्थानिक बाजारात चांगले सफरचंद का मिळत नाही, अशी तक्रार एका वाचकाने १९७५ मध्ये तेथील वृत्तपत्रात केली, आणि दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिला अल्चियन-अ‍ॅलन नियमाच्या आधारे उत्तर दिले. त्यांचा तद्विषयक निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला.

हा नियम कॉफीला कसा लागू पडतो ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. घरी केलेल्या साध्या कॉफीचा खर्च पेल्यामागे १० सेंट, आणि दूध, फेस व खटपट धरून लातेसारख्या पेयाचा ५० सेंट आहे असे समजा. घरी लाते पिणाऱ्याला एका पेल्यासाठी साध्या कॉफीच्या पाच पेल्यांवर पाणी सोडावे लागते. आता तोच मनुष्य कॉफीगृहात गेला. तेथे जागेचे भाडे, पेला, नोकर, रांगेतील त्याचा स्वतःचा वेळ आणि जाण्यायेण्याचा त्रास ही सारी मिळून १ डॉलर ४० सेंट धरली, तर हा बोजा दोन्ही पेयांवर सारखाच पडतो. साधी कॉफी दीड डॉलरला व लाते १ डॉलर ९० सेंटला पडते. एका लातेसाठी आता सव्वा पेल्याहून किंचित अधिक साध्या कॉफीचा त्याग पुरतो. आवडीत तसूभरही फरक न पडता लाते साध्या कॉफीच्या मानाने जवळजवळ चतुर्थांश किमतीची झाली. 'एवढ्या लांब आलोच आहे, तर चांगले काहीतरी घेऊ', हा रांगेतील माणसाचा विचार उधळपट्टीचा समजला जातो. वास्तविक तो किमतीच्या हिशेबाला धरून असतो.

ह्या नियमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ग्राहकाच्या खर्चात तिसरी एखादी वस्तू असेल, आणि तिचा ह्या दोन प्रतींशी असलेला पर्यायसंबंध असमान असेल, तर निष्कर्ष हमखास निघत नाही; हे १९६९ सालीच दाखवून देण्यात आले आहे. शिवाय हा नियम काउंटरशी उभ्या असलेल्या माणसाची निवड स्पष्ट करतो. तो मुळात घराबाहेर का पडला, हे नियम सांगत नाही. त्यासाठी निराळ्या गोष्टी पाहाव्या लागतील : स्त्रियांचे नोकरीत वाढलेले प्रमाण, सकाळच्या वेळेची वाढलेली किंमत, मोटारीने कामावर जाण्याचे लांबलेले अंतर, आणि घर व कचेरी ह्यांखेरीज बसावयास तिसऱ्या ठिकाणाची उणीव. ह्या शेवटच्या मुद्द्यावर रे ओल्डनबर्ग ह्या समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली एक ग्रंथच लिहिला. ज्याने तीन डॉलर देऊन तास-दीड तास खुर्ची अडवली, त्याने कॉफी विकत घेतली की जागा भाड्याने घेतली, हा प्रश्न वाटतो तितका चेष्टेचा नाही.

विक्रेत्याच्या बाजूने पाहता आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. लाते आणि साधी कॉफी ह्यांच्या किमतींतील अंतर त्यांच्या खर्चांतील अंतराहून बरेच मोठे असते. सुगंधी पाक, फेटलेली साय व मोठा पेला ह्यांच्यासाठी वाढवलेल्या किमतीबाबत तर ते उघडच दिसते. फ्रेंच अभियंता ज्यूल ड्यूप्वी ह्याने १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी लिहिताना दाखवले होते की, त्या डब्यांना छप्पर नसते ते छपराच्या खर्चापायी नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा प्रवासी खाली उतरू नये म्हणून. कॉफीगृहाच्या दरफलकावरील सर्वांत वरची, साधी, स्वस्त कॉफी ही त्या तिसऱ्या वर्गाची सौम्य आवृत्ती आहे. काटकसरी गिऱ्हाईक तिच्यामुळे टिकते, आणि ज्याला किमतीची फारशी फिकीर नाही तो स्वतःच्या तोंडाने, इटालियन नावे उच्चारून, आपण कोणत्या वर्गाचे प्रवासी आहोत हे सांगतो. थॉर्स्टाइन व्हेब्लेनचे दिखाऊ उपभोगाचे तत्त्व येथे उगाळण्याची प्रथा आहे. त्यात थोडे तथ्य असले तरी रोज सकाळी, घाईत, बहुधा एकट्याने घेतल्या जाणाऱ्या पेयाचे मुख्य कारण दिखाऊपणा असावा हे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

एक सावधगिरीची सूचना संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी. एकूण खपात साध्या कॉफीचा वाटा घटून एस्प्रेसोचा वाढला, ह्यावरून त्याच व्यक्तींनी पेय बदलले असा निष्कर्ष निघत नाही. गोड थंड पेयांवर वाढलेल्या, कडू कॉफी कधीच न प्यायलेल्या पिढीला दुधाळ व गोड लातेच्या रूपाने कॉफीचे दार प्रथम उघडले. दुसरीकडे साधी कॉफी पिणारी जुनी पिढी वयोमानाने कमी होत गेली. एकाही माणसाने आपली सवय बदलली नसती तरी कोष्टकात 'बदल' दिसलाच असता.

महाराष्ट्राच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुप्पट हवी. मुंबईत चर्चगेट येथे १९३६ साली पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले, आणि स्टारबक्सने १९ ऑक्टोबर २०१२ रोजी हॉर्निमन सर्कल येथे भारतातील आपली पहिली शाखा उघडली, हे दोन्ही खरे. पण त्या दोहोंना एका रेषेने जोडून 'साधी कॉफी ते एस्प्रेसो' असा प्रवास येथे झाला असे म्हणता येणार नाही. आपल्याकडील साधे पेय चहा होय. 'एस्प्रेसो' हा शब्दही येथे आधी आला तो लग्नाच्या स्वागत-समारंभांतून : झटपट कॉफी, साखर व दूध एकत्र करून वाफेच्या नळीने फेसाळलेले आणि वर कोकोची पूड भुरभुरलेले ते पेय ज्यांनी चाखले आहे, त्यांना पुढे कॉफीगृहात खरा एस्प्रेसो समोर आल्यावर आपली फसवणूक झाली असे वाटणे स्वाभाविक होते. येथील ग्राहकाने काय सोडून काय घेतले, ह्याची तपासणी अमेरिकन निष्कर्षांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष पाहणीनेच व्हावयास हवी.

राहिला मळेवाला. त्याच्या दृष्टीने ह्या सर्व प्रकरणाचा अर्थ काय, हे पाहण्यासाठी दोन काळांची तुलना पुरेशी आहे. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलमधील पाराना भागात कडाक्याचे हिम पडले, आणि १९७७ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कॉफीचा भाव पौंडाला सव्वातीन डॉलरच्या वर गेला. अमेरिकन गृहिणीच्या डब्याची किंमत दुपटीहून अधिक झाली. लगेच बहिष्काराची हाक उठली, कायदेमंडळात सुनावण्या झाल्या, आणि खप उतरला. घरच्या पेल्याच्या खर्चात बियांचाच वाटा मोठा असल्यामुळे बियांचा भाव पेल्याला थेट जाणवत असे.

ह्याच्या उलट २००१ साल घ्या. आंतरराष्ट्रीय कॉफी कराराखालील कोटापद्धती जुलै १९८९ मध्ये मोडली होती. ज्या भावाचा पट्टा त्या कराराने १ डॉलर २० ते १ डॉलर ४० सेंट असा आखला होता, तो भाव २००१ मध्ये सरासरीने सुमारे ४५ सेंटवर येऊन ठेपला. एका अर्काला लागणाऱ्या भाजलेल्या कॉफीसाठी सुमारे ९ ग्रॅम कच्च्या बिया लागतात. म्हणजे पौंडात सुमारे पन्नास अर्क निघतात. ह्या हिशेबाने त्या वर्षी एका अर्कातील बियांची बाजारकिंमत १ सेंटाहूनही कमी होती. चांगल्या अरेबिकासाठी दुप्पट भाव दिला असे धरले, तरी ती २ सेंटांच्या आत राहते. आणि त्या अर्काची लाते अडीच डॉलरच्या आसपास विकली जात होती. कोडगू, चिकमगळूर, मध्य अमेरिका आणि इथिओपिया येथे मळे तोट्यात चालले असताना कॉफीगृहांच्या दरफलकांवर ह्या घसरणीची खूणही उमटली नाही.

मार्शलने साधित मागणीविषयी जे नियम सांगितले, त्यांपैकी एक येथे तंतोतंत लागू पडतो : एखाद्या घटकाचा अंतिम वस्तूच्या एकूण खर्चातील वाटा जितका लहान, तितकी त्याची मागणी कमी लवचिक. लातेने हा वाटा जवळजवळ शून्यावर आणला. त्यामुळे बिया स्वस्त झाल्या म्हणून पेले अधिक खपत नाहीत, आणि महाग झाल्या म्हणून कमीही होत नाहीत. मळेवाल्याला ह्यातील पहिला भाग मारक आहे. दुसरा भाग त्याला तारक ठरावा, पण त्यासाठी मोठ्या दराने विकण्यापुरते पीक त्याच्या हाती असावे लागते, आणि भाव चढतात ते बहुधा पीक बुडाल्यामुळेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला, तेव्हा १९७७ चा आकडाही मागे पडला. मात्र चलनवाढ हिशेबात घेतली, तर १९७७ ची महागाई कितीतरी मोठी होती. ४ डॉलरच्या ह्या भावानेही एका अर्कातील बिया सुमारे ८ सेंटांना पडतात. १९७७ प्रमाणे बहिष्काराची हाक ह्या वेळी उठली नाही. चर्चासत्रातील निबंधकाराने आपल्या कोष्टकात पेल्याची किंमत आणि बियांची किंमत हे दोन स्तंभ शेजारीशेजारी मांडले असते, तर ह्याचे कारण त्याला तेथेच सापडले असते.